प्रोफेसर मेहेर, सातपाटी

ध्वनिलहरींवरच्या माझ्या प्रबंधात संदर्भांच्या यादीत पहिलं नाव बाबांचं होतं : ‘दामू मेहेर, सातपाटी, प्रत्यक्ष संभाषण, १९८१.’ त्यामुळेच एका जर्मन शास्त्रज्ञाचं पत्र ‘प्रोफेसर मेहेर, सातपाटी’ या पत्त्यावर थेट आमच्या घरी आलं.

बाबा जाळं शिवत बसले होते. मी वाचून दाखवलं. "विचारतायत, खडकांवर आपटून चहूकडून येणाऱ्या आवाजांतून मूळ आवाज तुम्ही कोणत्या यंत्राने ओळखता?"

"लिही, वल्ह्यानं. होडीचं मशीन बंद करायचं, वल्हं पाण्यात सोडायचं, दांड्याला कान लावायचा. खाली घोळ मासळी कुरकुरत असते. मग होडी जराशी सरकवून परत ऐकायचं. खडकाचा आवाज दर खेपेला बदलतो, घोळीचा नाय बदलत."

माझं सहा वर्षांचं गणित त्यांनी मान वर न करता सांगून टाकलं.

"मग तू काय शोधलंस गो?"

"हे असं का होतं, ते."

बाबांची सुई थांबली.

"आमच्या सात पिढ्या कान लावून बसल्या, पन ‘का’ कुणी इचारलं नाय. पत्ता बरोबर हाय पोरी. पत्र तुझंच."