दार लागेपर्यंत

अच्युतराव फिरायला निघाले की मागे दार धाडकन आपटायचं आणि मगच आत मुलगा-सुनेची कुजबुज सुरू व्हायची. आपली लातूरला मुलीकडे रवानगी करायचं घाटतंय, असा त्यांना दाट संशय होता.

त्यांनी आपणहून दाराला डोअर क्लोजर बसवून घेतला. दार सावकाश लागेल, तेवढ्यात दोन वाक्यं तरी कानावर पडतील.

"कशाला उगाच, बाबा? आपटण्याची सवय झालीय आम्हाला," सून म्हणाली. संशयाला एवढं पुरलं.

संध्याकाळी अच्युतराव बाहेर पडले आणि जिन्यात चपलेचा पट्टा नीट करायला वाकले. मागे दार अदबीने मिटू लागलं.

"मग, बाबांचं काय ठरवायचं?" मुलाचा आवाज आला.

"थांब ना," सून म्हणाली, "दार अजून लागायचंय."

दार लागलं. अजिबात आवाज न करता.