खिचडी करेक्शन

"तू तिथे स्वयंपाक कुठे करायचास?" मृण्मयीने विचारलं.

"टॉवरच्या पायथ्याशी. तिथे वारा कमी लागतो," सारंग म्हणाला. "मग काय, डच लोकांसारखे गार पाव-चीजवर चार दिवस काढू? मी दोन्ही वेळा गरम खिचडी टाकायचो. का गं?"

मृण्मयीने कपाळाला हात लावला. उत्तर ध्रुवाकडच्या गोठलेल्या माळावर त्यांच्या संस्थेचा टॉवर होता. जमीन किती कार्बन शोषते नि किती सोडते, ते तो मोजायचा आणि आकडे इकडे नेदरलँड्समध्ये, नायमेखनच्या कचेरीत पाठवायचा. सारंग दर जुलैत चार दिवस देखभालीला जायचा. नेमक्या त्याच चार दिवसांत, दुपारी एकला आणि संध्याकाळी सातला, जमीन भसाभस कार्बन सोडायची. त्यावर तीन वर्षं विद्वानांचा खल चालला होता. मातीतल्या जंतूंपासून सूर्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. स्टोव्हचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

महिनाअखेरीला तिचं कंत्राट संपत होतं. ते गेलं की व्हिसाही जाणार. आपणच आपल्या गटाचा शोध बुडवतोय, हे तिला कळत होतं. तरी ती गटप्रमुख हेंककडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

हेंक इतके हसले की त्यांच्या हातातली कॉफी सांडली.

"मग जुलैतला चढ आपोआप कापून टाकणारा प्रोग्राम लिही," ते म्हणाले. "आणि त्याला नाव दे, खिचडी करेक्शन."

मृण्मयीचं कंत्राट आणखी दोन वर्षांसाठी वाढलं. परिषदेत त्या नावाला टाळ्या पडल्या. ज्यांनी जन्मात खिचडी चाखली नव्हती, अशा चार संस्थांनी तो प्रोग्राम मागून घेतला.

पुढच्या वर्षीचा जुलै तिने पुण्यात सुट्टीवर काढला. परत आली तेव्हा आलेख सपाट होता. जमीन शांत आहे, असा अहवाल तयार झाला आणि हेंकनी त्यावर सहीही केली. पाठवण्याआधी तिने सहज कापलेले आकडे उघडले. चढ गेल्या वर्षीच्या तिप्पट होता. तिला हसूच फुटलं.

"काय रे," ती सारंगच्या टेबलाशी जाऊन म्हणाली, "यंदा तिथे पंगत घातलीस की काय?"

"यंदा?" सारंगने मान वर केली. "माझा पासपोर्ट नूतनीकरणात अडकलाय. यंदा तिकडे कुणीच गेलं नाही गं."