जाहीर माफी

कोरियात, बुसानमधल्या आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, "राग मनात कुजवत ठेवू नका. माफ करा आणि मोकळे व्हा."

प्योताई तडक माइकपाशी गेल्या. "ओक-बुनताईंनी माझ्या सुनेचे कान भरले, चर्चच्या किमचीचे दोन डबे गुपचूप घरी नेले. तरी प्रभूच्या नावानं मी त्यांना माफ केलंय!" त्या रडल्या, सगळे "आमेन" म्हणाले. प्योताई आपल्यावर रागावल्यात हे ओक-बुनताईंना तेव्हा कळलं, आणि डब्यांचं तीनशे माणसांना.

पुढच्या रविवारी ओक-बुनताई सगळ्यांच्या आधी माइकपाशी उभ्या राहिल्या. सगळ्यांनी प्योताईंकडे पाहिलं.

 

"मी आपल्या पाळकसाहेबांना माफ करतेय," ओक-बुनताई हात जोडून म्हणाल्या. "त्यांनी काय काय केलं, ते आधी सविस्तर सांगते."