सुरमेलीची बांग

"तुझ्या त्या कोंबड्याला एकदाचं कापून खा, हाजेर!" दार पुरतं उघडायच्या आत शेजारीण निगार सुरू झाली. "पहाटेपासून कोकलतोय मेला. झोपेचं पार खोबरं केलं."

"ये, आधी चहा घे," हाजेर म्हणाली.

रोजचंच होतं हे. निगार शेजारी राहायला आल्यापासून एक सकाळ भांडणावाचून गेली नव्हती. बाई फटकळ, वर शिष्ट. गल्लीत मागून हाक मारली तर वळून बघायची नाही. तिच्या पाठीमागे किटली खळखळून उतू गेली तरी जागची हलायची नाही. बोलताना मात्र समोरच्याच्या तोंडावर नजर रोखून बसायची, जणू आता खोटं पकडणार आहे. पण दोन पेले चहा, चार ऑलिव्ह आणि भरपूर तोंडाचा पट्टा, एवढं झाल्याशिवाय उठायची नाही. हाजेरच्या उंबऱ्यावर दुसरं कुणी येतच नव्हतं.

साऱ्या तुर्कस्तानात देनिझलीच्या कोंबड्यासारखी लांब बांग कुणाची नाही, आणि हाजेरचा सुरमेली त्या जातीतला अस्सल. डोळ्यांत सुरमा घातल्यागत काळी कड, करडे पाय, आणि बांग अशी की ऐकणाऱ्याचाच दम संपावा. हाजेरच्या नवऱ्याने, नेजातीने, जन्मभर हा वंश जपला. आखूड बांगेचा नर तो सरळ पातेल्यात टाकायचा. आता नेजाती नव्हता, माद्या कोल्ह्याने नेल्या, उरला हा एकटा. पहाटे तो चवड्यांवर उभा राहून मान ताणायचा, आणि हाजेरला वाटायचं, घरात अजून कुणीतरी आहे.

एके दिवशी निगार भांडलीच नाही. तिने पेला खाली ठेवला.

"खरं सांगू? रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही गं. नवरा गेल्यापासून घर खायला उठतं."

हाजेरच्या काळजात चर्र झालं. बिचारीला रात्रभर झोप नाही, आणि पहाटे जरा डोळा लागला की आपला कोंबडा तिला उठवून बसवतो! स्वतःचीच लाज वाटली तिला.

संध्याकाळी तिने पलीकडच्या गावच्या रेजेपला बोलावलं. त्याच्याकडे याच जातीच्या माद्या होत्या.

"हाजेर आब्ला, या कोंबड्यासाठी इतकी वर्षं पाया पडतोय तुझ्या. आज कशी पाघळलीस?"

"जास्त बोलू नकोस, मन बदलेल. वंश वाढव त्याचा. आणि आखूड बांगेच्या पोरांवर माया करू नकोस."

रेजेप सुरमेलीला घेऊन गेल्यावर ती रिकाम्या खुराड्यापाशी बसून रडली. कोंबड्याचं दुःख होतंच. पण आता भांडायला कारणच उरलं नव्हतं. निगार तरी कशाला येईल?

पहाट उजाडली ती चिडीचूप. हाजेरने उभ्याउभ्याच चहा घेतला.

दारावर थाप पडली. दारात निगार, कपाळाला आठ्या.

"आज तर कहर केला तुझ्या कोंबड्याने, हाजेर! कानठळ्या बसल्या माझ्या."