शेवटचा सम्राट

रोमच्या सम्राटांनी जिवंतपणी पुष्कळ मुलुख जिंकले असतील, पण शेजारच्या मास्तरांचं जेवणाचं टेबल त्यांनी मेल्यावर जिंकलं. मास्तरीणबाईंच्या धाकट्या भावाचा पितळी बिल्ले ओतायचा कारखाना. त्यानेच दाजींसाठी कुठूनसा जुन्या रोमन नाण्यांचा सरमिसळ ढीग स्वस्तात आणून दिला. तेव्हापासून मास्तर भिंग लावून एकेका झिजलेल्या तोंडाचं नाव शोधत होते आणि घरदार मांडीवर ताट घेऊन जेवत होतं.

"अहो, उठवा आता तुमचे ते मुडदे! मांड्या भाजल्या माझ्या."

"एकच उरलाय. त्याचं नाव लागलं की टेबल तुझं. पण लेकाचा एकाही पुस्तकात नाही!"

"आणा इकडे. मीच लावते त्याचं नाव!" बाईंनी फणकाऱ्याने भिंग हिसकावलं.

सम्राटाच्या नाकावर मधोमध टेंगूळ होतं. लहानपणी झोपाळ्यावरून तोंडावर आपटल्यावर धाकट्या भावाच्या नाकाला कायमचं आलं होतं, हुबेहूब तसंच. हनुवटीही माहेरचीच.

बाईंनी नाणं अलगद खाली ठेवलं.

"सावकाश शोधा हो," त्या म्हणाल्या, "मांडीवर ताट घेतलं की जेवण कसं अंगी लागतं."