पहिली ओळ

नंदाखालच्या चर्चच्या कॉम्प्युटरवर बेसिलनं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी अकारविल्हे लावून दिली होती. नाताळ आला की महिला मंडळाच्या क्लेमेंटीनबाई यादीतली सगळी नावं माउसनं निवडायच्या आणि त्यानं बसवलेलं बटण दाबायच्या. प्रत्येक नावाची पत्त्यासकट चिठ्ठी छापून निघायची. त्या चिठ्ठ्या वाटून घेऊन मंडळाच्या बायका घरोघरी केक पोचवायच्या, घटकाभर बसून गप्पा मारायच्या.

यादीत सगळ्यात वर अॅग्नेसमावशी. दर वर्षी नाताळ झाला की ती बेसिलला चर्चच्या दारात गाठायची.

"बाबा, यंदाही माझ्याकडे कुणी फिरकलं नाही."

"येऊन गेल्या असतील गं मावशी. तुझ्याच लक्षात राहत नाही."

२००४ च्या पावसाळ्यात मावशी गेली. त्याच वर्षी बेसिलची बायको मर्लिनही गेली आणि मावशीच्या जागी, यादीत सगळ्यात वर, बेसिलचं नाव आलं.

नाताळला त्यानं मर्लिनचे ठेवणीतले कप पुसून मांडले आणि दिवेलागणीपर्यंत ओट्यावर बसून राहिला. कुणीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्या बटणामागचा, स्वतःच लिहिलेला मॅक्रो उघडून वाचला. निवडणारा वरच्या मथळ्यापासून निवडेल असं त्यानं गृहीत धरलं होतं, म्हणून मॅक्रो निवडलेली पहिली ओळ सोडून द्यायचा. क्लेमेंटीनबाई मात्र थेट नावांपासून निवडत होत्या. पहिल्या वर्षापासून.



मावशीच्या सगळं लक्षात राहत होतं.