कौसल्याचा स्पीकर

नंदनवनच्या चौकात तर्री-पोह्यांचे दोनच ठेले, भागीरथाबाईचा आणि कौसल्याचा, अगदी खेटून. कौसल्याचा स्पीकर सकाळपासून 'तीस रुपये मिळाले, साठ रुपये मिळाले' असा ठणाणा करायचा आणि इकडे भागीरथा जळून कोळसा व्हायची. तिचा स्वतःचा स्पीकर इतका गप्प, की चार्जिंग उतरलं की काय म्हणून ती त्याला सारखी उलटापालटा करून बघायची.

एका सकाळी कौसल्याचाही स्पीकर गप्प.

"खातंच बंद करून टाकलं वं बँकेनं," कौसल्या रडवेली होऊन म्हणाली. "काहून, तं कोणी सांगूनच नाही राहिलं."

"बँक उगाच करते का बाई असं? आठवून पाह्य, काय केलं तं." भागीरथाच्या मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

"माह्या गिऱ्हाइकायचे पैसे आजच्या दिवस तुह्या स्कॅनरवर घेऊ का? संध्याकाळी देजो मले."

"घे नं वं." एवढ्या आनंदात नाही म्हणायचं भागीरथाला सुचलंच नाही.

त्या दिवशी भागीरथाचा स्पीकर घसा फुटेस्तोवर बोलला. तिचा नवरा नत्थूजी कोथिंबीर घेऊन जवळजवळ धावतच आला. "कोपऱ्यापासून आयकून राहिलो ना मी. आज तं आपण कौसल्याले पार झोपवलं. अजून पोहे भिजवू का?"

भागीरथानं परातीवरचं फडकं उचललं. पोह्यांचा ढीग सकाळी रचला होता तस्साच होता.